दसऱ्याच्या पूजेनंतर न उठलेलं यंत्र

दसरा झाला की माझा फोन वाजायला लागायचा. लोकांकडे त्या दिवशी सोनं वाटतात, माझ्याकडे तक्रारी यायच्या. आम्ही बौद्ध, त्यामुळे दसऱ्याला आमचं घर कुलूपबंद असायचं आणि आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर. नेमक्या त्याच दिवशी इकडे माझी गिऱ्हाइकं कॉम्प्युटरची पूजा करत असत. पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या, की-बोर्डाच्या फटीत अक्षता, आणि एकदा तर यूपीएसवर फोडलेला नारळ! पाणी आत गेलं आणि यूपीएसनं तिथंच राम म्हटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच पालुपद: "बाई, मशीन उठून नाई राह्यली."

चंद्रपुरात मी कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून देण्याचा धंदा केला. लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी, कुणीही उघडून पाहावी अशी सिस्टिम. फुकट म्हटल्यावर लोकांना ती कमअस्सल वाटे. पण फ्लॉपीतून येणाऱ्या व्हायरसनं जेरीस आलेले लोक शेवटी माझ्याकडे येत. मी दारात उभी राहिले की माझ्या मागे बघत आणि विचारत, "इंजिनियर साहेब मागून येऊन राह्यले का?" सुरुवातीला राग यायचा. पुढे मी सांगायला लागले, "साहेब येतील, तोवर मी करून ठेवते."

या धंद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे यंत्राला उठायला शिकवणं. बाहेरच्या माणसाला ते थोडं समजावून सांगते. कॉम्प्युटरचं बटण दाबलं, त्या क्षणी त्याला काहीही ठाऊक नसतं. आपली सिस्टिम कुठली, ती कुठं ठेवली आहे, कशाचाही पत्ता नाही. त्याला एवढंच कळतं, की पहिल्या हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या कोपऱ्यात जायचं आणि तिथं जे लिहिलं असेल ते करायचं. त्या कोपऱ्यात एक चिमुकला प्रोग्राम बसवावा लागतो, तो बूटलोडर. तो पुढची वाट दाखवतो आणि मग बाकीचं अवाढव्य यंत्र एकेक करत जागं होतं.

हे मला पुस्तकातून समजण्याआधी बाबांकडून समजलं होतं. आमचं बालपण ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, बाबा वीज केंद्रात ऑपरेटर. एकदा मी त्यांना विचारलं, की एवढी वीज तुम्हीच बनवता, तर तुमच्याकडची वीज कधी जातच नसेल ना? बाबा हसले. म्हणाले, "हे धूड एकदा पूरं थंडं पडलं ना बेटा, त उठवाले बाहेरून थोडीशी वीज आणा लागते. सोताले सोता नाई उठवू शकत कोनी." बूटलोडर बसवताना मला बाबांचं ते वाक्य दर वेळी आठवतं.

सुरुवातीच्या काळात लिलो नावाचा बूटलोडर होता. त्याची एक गंमत होती. तो उठता उठता आपलंच नाव पडद्यावर एकेक अक्षरानं लिहायचा, आणि ज्या अक्षरावर अडला त्यावरून आजार कळायचा. हमीदभाईंच्या सायबर कॅफेत एकाच टेलिफोन लाइनवर सगळी यंत्रं चालवायला मी लिनक्सचं एक यंत्र लावून दिलं होतं. एके सकाळी त्यांचा निरोप आला. मी गेले तर हमीदभाई पडद्यासमोर गाल धरून बसलेले. "बेटी, ये तो आपलं सोताचं नाव बी पूरं लिहून नाई राह्यलं. अर्ध्यातच बेहोश होते."

त्यांच्या मेव्हण्यानं साफसफाई केली होती. सिस्टिमची मुख्य फाइल दुसरीकडे हलवली आणि मग पुन्हा होती तिथं आणून ठेवली. फाइल तीच, नावही तेच. पण लिलो नाव वाचत नसे, डिस्कवरची नेमकी जागा लक्षात ठेवत असे. फाइल परत आली ती दोन घरं सोडून बसली, आणि लिलो जुन्या दारावर थापा मारत राहिला. मी एक आज्ञा देऊन त्याला नवी जागा दाखवली आणि यंत्र उठलं. हमीदभाईंनी माझ्यासाठी चहा मागवला आणि मेव्हण्याला माझ्यासमोरच फैलावर घेतलं.

दुसरी गोष्ट बूट पार्टिशनची. डिस्कचे भाग पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. जुन्या यंत्रांना उठता उठता डिस्कच्या एका हद्दीपलीकडचं दिसत नसे. म्हणून उठायला लागणाऱ्या फाइली अगदी सुरुवातीला एका छोट्या पार्टिशनमध्ये वेगळ्या ठेवायच्या. हे छोटं पार्टिशन लोकांच्या डोळ्यांत खुपायचं. सिंदेवाहीच्या एका राइस मिलवाल्या भाऊंनी मला विचारलं होतं, "एवढी मोठी डिस्क, आन् दारापाशी हे कोंबडीचं खुराडं कायले ठेवलं?" मी समजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि मी गेल्यावर ते खुराडं पाडून तिथं लग्नाचे फोटो भरले. फोटो सुखरूप होते, फक्त ते बघायला यंत्र उठत नव्हतं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण हे लिहायला बसले ती एका गावासाठी.

गाव एटापल्लीच्या पुढे, जंगलात. नाव मुद्दाम लिहीत नाही. वनहक्काचा कायदा तेव्हा नवा होता. आपल्या वापरातल्या जंगलावर गावानं सामूहिक हक्क मागायचा, तर गावाची शीव कुठून कुठवर हे नकाशावर दाखवावं लागे. माडिया लोकांची वस्ती. शीव सगळ्यांना तोंडी ठाऊक होती, पण नाल्या-टेकड्यांसकट अख्खी एकाच माणसाला, चमरूआजांना. ते गावचे भूमिया, म्हणजे गावाच्या जमिनीची आणि शिवेची पूजा करणारे. गावच्या मंडळींनी उसनं जीपीएस यंत्र आणलं आणि आजांच्या मागून अख्खी शीव चालून काढली. कुठला दगड, कुठला झरा, कुठलं देवाचं झाड, आजा थांबून सांगत गेले आणि मनोहर टेपरेकॉर्डर धरून चालला. मनोहर हा ग्रामसभेचा सचिव, गावातला चार बुकं शिकलेला गडी.

ते सगळं ज्या कॉम्प्युटरमध्ये भरलं तो शहरातून कुणीतरी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर. आत दोन हार्ड डिस्क होत्या. मी एकीवर लिनक्स आणि बूटलोडर बसवला आणि दुसरी नकाशाच्या कामासाठी मोकळी ठेवली. तोवर लिलोच्या जागी ग्रब आला होता. तो फाइलीचं नाव वाचे, पण कितव्या डिस्कवर शोधायचं हे त्याला आकड्यानं सांगावं लागे. मी सांगितलं, पहिल्या डिस्कवर. यंत्र गावाच्या गोटुलात, म्हणजे सगळं गाव जिथं बसतं त्या जागी ठेवलं. सोबत नकाशाची एक सीडीही करून दिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरहून परतत होतो. एसटी वरोऱ्याच्या पुढे आली आणि फोन वाजला.

"बाई, मनोहर बोलून राह्यलो, एटापल्लीवरून. कॉम्प्युटर उठून नाई राह्यला. म्हणते का सिस्टिमच सापडत नाई."

"काय केलं तुम्ही त्याचं?"

"काई नाई केलं न बाई. पूजा केली."

मी कपाळाला हात लावला. शेजारी आई विचारत होती, काय झालं, काय झालं. मनोहर पुढे सांगत होता, की अल्लापल्लीचा एक दुकानदार येणार आहे, तो म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. आणि सोमवारी उपविभागाच्या समितीपुढे नकाशा ठेवायचा आहे.

"फॉरमॅट मारू देऊ नका. ती सीडी तरी जपून ठेवली आहे ना?"

"कोन्ती, ते चमकनारी? ते त धानात बांधली, बाई. पोपट लय येतात."

त्या दिवसांत धान भरायला आलेलं असतं आणि चमकणारी वस्तू वाऱ्यावर हलली की पाखरं बिचकतात. सीडी त्या कामाला खरोखरच उत्तम. उन्हादवात टांगलेली ती सीडी वाचणार कशी, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याऐवजी दुसरा विचारला, की आजांना घेऊन पुन्हा शीव चालता येईल का? तर पावसाळ्यात आजा घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. बाजेवरून उठवून बाजेवर बसवावं लागत होतं.

आता मला भीती वाटली, आणि ती काय होती ते स्पष्ट सांगते. फॉरमॅट मारणारा माणूस पहिली दिसेल ती डिस्क पुसतो. त्या दोनपैकी एकीवर गावाची शीव होती, आणि ती पुन्हा चालून दाखवणारे पाय आता नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले. गोंडपिपरी, आष्टी, अल्लापल्ली, एटापल्ली, आणि पुढे मनोहरच्या ओळखीच्या एका जीपमध्ये सरपणाच्या मोळ्यांवर बसून. गोटुलासमोर मोटारसायकल उभी दिसली. दुकानदार माझ्याआधी पोचला होता.

पण तो यंत्रापाशी नव्हता. बाहेर पळसाच्या पत्रावळीवर जेवत होता. समोर कोंबड्याचा रस्सा, भाताचा ढीग, आणि बाजूला बाजेवर पडल्या पडल्या चमरूआजा त्याला आग्रह करत होते. तो सकाळीच आला होता. आजांनी आधी बसवलं, मग कोंबडा पकडायला माणसं पाठवली, मग कोंबडा काही केल्या सापडेना, मग सापडला, मग शिजायला वेळ लागला. पाहुण्याला उपाशी कामाला लावायची रीत नाही म्हणे. दुकानदार बिचारा भला माणूस होता. हात चाटत मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच पाहून घ्या आधी. मले आता उठवत बी नाई."

मी आजांकडे पाहिलं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पाहुना भुका होता न, बाई." डोळे मात्र हसत होते.

कॉम्प्युटर उघडला. आत धुळीचा कण नव्हता. इतकं स्वच्छ जुनं यंत्र मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोन्ही हार्ड डिस्कवर हळद-कुंकवाचा टिळा, वर एकेक तांदूळ चिकटलेला. मी नेहमीप्रमाणे पिशवीतून फडकं काढलं आणि चिडून टिळे पुसायला लागले.

"मनोहर, डिस्क बाहेर कशाला काढल्या? पूजा वरूनच करता आली नसती?"

"वरून कशी करावं, बाई?" तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "मी ऊर्जानगरले ठेकेदाराकडे होतो न चार वर्सं. दसऱ्याले तिथी मशीन पूरी खोलावं, हवा मारावं, पुसावं, मंग टिळा. वरून टिळा लावून आत कचरा ठेवला त मशीन मानते का?"

माझा हात थांबला. दसऱ्याला ज्या वर्षी सुट्टी मिळत नसे, त्या वर्षी बाबा पाळीवर असत. पूजेला ते बसत नसत. पण त्या दिवशी मशीन खोलून पुसायच्या कामात सगळ्यात पुढे तेच. आई म्हणायची, पूजा करायची नाही आणि राबायचं मात्र सगळ्यांपेक्षा जास्त. बाबा म्हणत, "साफ करणं म्हणजेच काम आहे." मनोहरनं माझ्या बाबांसारख्याच कुणाकडून तरी हे उचललं होतं. चूक एवढीच झाली, की डिस्क परत लावताना दोन पट्टे, म्हणजे केबल, एकमेकांच्या जागी गेले. पहिली डिस्क दुसरी झाली आणि दुसरी पहिली. यंत्र शहाण्यासारखं पहिल्या डिस्कच्या पहिल्या कोपऱ्यात गेलं, तर तिथं उठवणारं कुणीच नव्हतं. तिथं फक्त शीव होती. फॉरमॅटचा घाव आधी तिच्यावरच बसला असता.

पट्टे बदलून लावले आणि बटण दाबलं. ग्रबची यादी पडद्यावर आली, सिस्टिम उठली, मी नकाशा उघडला. एकेक ठिपका जोडत शिवेची रेघ फिरत फिरत आपल्या जागी येऊन मिळाली. मागे उभी असलेली बायामाणसं काहीतरी बोलायला लागली आणि मनोहरनं बाहेर आजांना हाक मारली. मीही पडद्याकडेच बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि दुकानदारासमोर ते पुसायचे नव्हते.

मग नेहमीची सूचना द्यायला तोंड उघडलं, की यापुढे कुणीही उघडायचं नाही. असा कागद मी प्रत्येक यंत्रावर चिकटवत असे. पण मनोहर पुढच्या दसऱ्याला उघडणार, हे मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. आणि उघडून पुसण्यात त्याची चूकही नव्हती.

आजांची बाज तोवर आत आणली होती. ते पडद्यावरच्या रेघेकडे बघत होते. मी त्यांना सहज विचारलं, "आजा, शिवेची पूजा तुम्ही कुठून सुरू करता?"

"नाल्याच्या दगडापासून."

"आणि नाल्याला पूर असला तर?"

"तं पल्याडच्या मोहाच्या झाडापासून करतो." एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फेरा पूरा झाला पायजे, बाई. सुरू कुठून बी करा."

मी पिशवी पुन्हा उघडली. दुसऱ्या डिस्कवर थोडी जागा करून तिथंही एक छोटं बूट पार्टिशन काढलं, उठायच्या फाइली तिथंही ठेवल्या आणि तिच्या पहिल्या कोपऱ्यातही ग्रब बसवला. मग यंत्राला आकड्यानं सांगणं बंद केलं. सिस्टिम आणि शीव, दोन्ही जागांना नावं दिली आणि सांगितलं, की कितव्या डिस्कवर हे बघू नको, नावानं शोध. मग आजांच्या समोर पट्टे उलटे लावून बटण दाबलं. यंत्र उठलं. सुलटे लावले, तरी उठलं. दुकानदारानं दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या आणि जाताना मला विचारून सगळं लिहून नेलं.

उघडू नका म्हणणारा तो कागद मात्र मी त्या यंत्रावर चिकटवला नाही.

सोमवारी नकाशा समितीपुढे गेला. पुढे बरंच रखडलं, कागद फिरले, हरकती आल्या, त्यात वर्षं गेली. मी मध्ये दोन-तीन दसरे फोनची वाट पाहिली. नागपूरच्या गर्दीत मोबाईल हातातच धरून फिरायची. हमीदभाईंचा आला, राइस मिलवाल्या भाऊंचा आला, त्या गावातून कधी आला नाही. आमच्या कामात फोन न येणं हीच शाबासकी, पण ती कोरडी असते. नीट उठणाऱ्या यंत्राला कुणी उठवलं, हे कोणी विचारत नाही. आता तर नवी यंत्रं डोळ्याची पापणी लवायच्या आत उठतात आणि बूटलोडर म्हणून काही असतं हेही लोकांना माहीत नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

धंदा बंद करायच्या सुमारास मनोहरनं बोलावलं. गावाला नवा कॉम्प्युटर मिळाला होता, जुन्यातलं सगळं त्यात घालून हवं होतं. त्याच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते. चमरूआजा गेले होते. गोटुलाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत गावाच्या हक्काचा कागद लावला होता आणि त्याखाली नकाशा. शिवेची रेघ नाल्याच्या दगडापासून निघून तिथंच येऊन मिळत होती.

जुनं यंत्र शेवटचं म्हणून उघडलं. आत तशीच स्वच्छता. आणि पट्टे उलटे लावलेले.

"मनोहर, हे यंत्र मधे कधी उघडलं होतं का?"

"दरसाल खोलतो न, बाई. दसऱ्याले. तुमी त नाई म्हटलं नव्हतं." तो थोडा घाबरला. "पर कधीच बंद नाई पडलं. एक बी डाव नाई."

किती वर्षं ते उलटं उठलं आणि किती वर्षं सुलटं, कुणाला ठाऊक. दोन्ही डिस्कवर कुंकवाचे थर एकावर एक बसले होते, जुने काळपट, वरचा अजून लाल. सवयीनं मी पिशवीतून फडकं काढलं. मग घडी घालून परत ठेवलं आणि झाकण तसंच लावून टाकलं.